गोऱ्यांचा आजार म्हणे

लेकरू तापलंय, सर्दी नाही, खोकला नाही. तुम्ही काय करता? खरं सांगा. आपल्या सोलापुरात म्हणतात, ऊन लागलं. कांदा किसून तळपायाला चोळतात, कैरीचं पन्हं पाजतात आणि आपापल्या कामाला लागतात.

शुक्रवार पेठेतल्या काशम्मानं थोरल्या लेकीला, ऋतुजाला, असाच कांदा चोळला. दर उन्हाळ्यात. थंडीतही पोरगी तापायची, तेव्हा दात येतायत म्हणायचे. शाळेत जायला लागल्यावर सोनोग्राफीत दिसलं, एक किडनी आक्रसलीय. तान्हेपणापासून लघवी उलटी किडनीकडे चढत होती, सोबत जंतू नेत होती.

डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. हे तान्ह्या वयात जास्त सापडतं, वाढत्या वयात बहुतेकांचं आपोआप थांबतं. पुस्तकांत गोऱ्या मुलांचे आकडे मोठे आहेत, पण आपल्या मुलांची मोजणीच कमी झालीय. बहिणीला आहे, तर पाठचा तान्हा भाऊ तापला की आधी लघवी तपासा.

नवरा प्रभुलिंग एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असतो. घरी येऊन त्यानं एवढ्यातलं एकच उचललं. "गोऱ्यांचा आजार हाय म्हणं! आपल्यात गोरं कोण हाय? तू?"

सासू पदर तोंडाला लावून हसली. तुम्हीच सांगा, आजार काय कातडी बघून दार ठोठावतो?

यंदा एप्रिलात तान्हा शिवराज तापला. सासूनं कांदा किसायला घेतला. काशम्मानं किसणीच उचलून फळीवर ठेवली.

"लई शानी झालीस. जा मग एकटीच," सासू म्हणाली.

गेली. त्या दवाखान्यात मी बिलाच्या भांडणासाठी गेले होते, तिच्या शेजारी बाकावर बसले. पोर मांडीवर उघडं, काशम्माच्या हातात नर्सनं दिलेली डबी. पहिली धार सोडायची, मधली धरायची. पोर काही करेना. समोरची बाई म्हणाली, "मंत्र्याची वाट बघाल्यागत बसलीस की गं!" सगळा बाक हसला.

काशम्मानं पोराला मांडीवर सावरून घेतलं. मग मला म्हणाली, "अक्का, जरा डबी धरता? हात भरून आलाय."

मी धरली आणि पोरानं सोडली. निम्मी डबीत, निम्मी माझ्या मनगटावर. काशम्मा हसली आणि हसता हसता रडायला लागली.

लघवीत पू निघाला. पुढच्या तपासात तोच उलटा प्रवाह. किडन्या मात्र धड होत्या. वेळेवर सापडलं.

जंतू परत होऊ नयेत म्हणून आता रोज रात्री ती त्याला औषधाचा छोटा डोस देते. पोर टुणटुणीत आहे. सासू शेजारणीला सांगते, "कांदा न चोळताच बरं झालं, म्हंजे काय नव्हतंच की." प्रभुलिंग मान डोलावतो. काशम्मा बाटलीचं झाकण लावते. तिच्याशी यावर बोलायला घरात कुणी नाही.

लेकरू नुसतंच तापलं, तर लघवी तपासून घ्या. आणि दवाखान्याच्या बाकावर डबी घेऊन बसलेली बाई दिसली तर हसू नका. शेजारी बसा, जरा डबी धरा.