पाटोद्याच्या गोदामातली तूर

नगरहून निघालेली एसटी कड्याजवळ पंक्चर झाली. त्यामुळे सौताड्याचा घाट चढून पाटोद्यात उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. वर्षाची तूरडाळ मी इथूनच, शिवअप्पांच्या दुकानातून नेतो. तिकिटाचा खर्च धरूनही परवडते.

दुकानापुढे तुरीची पोती काढून ठेवली होती आणि शेजारी ठकूबाई बसली होती. ती मेंढरं राखते, थोडी तूर पिकवते. घर गळकं, म्हणून तिची तूर अप्पांच्या गोदामात अमानत (विश्वासाने ठेवलेला माल) असते. दसऱ्याला भाव चढला की ती विकून तिला घरावर पत्रे घालायचे होते.

"काल पुरवठ्याचे साहेब येऊन गेले," अप्पा म्हणाले. "डाळ महागली म्हणून साठ्यावर मर्यादा. गोदामातली समदी तूर माझीच धरली."

"पण ही तर यांची."

"म्या तेच म्हणलो. साहेब म्हणले, कुलूप कोणाचं हाय?"

"मी साठेबाज झाले म्हणं," ठकूबाई तंबाखू मळत म्हणाली. "मेंढरायला सांगितलं. लई मान वाढला माझा."

"घरी न्या ना मावशी."

"नेते की. पावसाला तुमी सांगा, तेवढी जागा सोडून पड म्हणून."

सगळ्याच व्यापाऱ्यांना जादा माल विकायला मुदत दिलेली, त्यामुळे सगळेच एकदम विकायला निघालेले. गिरणीचा माणूस आला, मूठभर तूर हातावर घेतली आणि सकाळपेक्षाही कमी भाव बोलला.

"भाव कामून पाडतो रं एवढा?"

"आज समदेच विकायलेत, मावशी. मला घाई न्हाई."

ठकूबाईनं पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "उचल."

अप्पांनी बळेच पिठलं-भाकरी खायला बसवलं. सुगीत आलेली तूर सुगीतच खपली, तर दिवाळीत माझ्या ताटात वरण कुठून यायचं? कोणीतरी ती कोरडी, किडीपासून जपून ठेवतं म्हणूनच ना? ज्यांनी ना पेरली, ना राखली, त्यांनी एका हुकमानं राखणाऱ्याला चोर ठरवलं.

"पत्र्यांचं काय मावशी?"

"औंदा न्हाई. आन पुढं तूर बी न्हाई. बाजरी पेरते. न्हाई विकली तर खाता तरी येती."

म्हणजे पुढच्या वर्षी तूर आणखी कमी, डाळ आणखी महाग, आणि साहेबांचा हुकूम आणखी कडक.

अप्पांनी उतरलेल्या भावानेच डाळ दिली. रात्री घरी पोचलो. बायकोनं भाव विचारला, म्हणाली, "यंदा बरी स्वस्त मिळाली."

मिळाली खरी. जेवढी स्वस्त मिळाली, तेवढं ठकूबाईचं छप्पर कमी झालं. सरकारनं ते गिऱ्हाइकाचं, म्हणजे माझंच नाव सांगून काढून घेतलं, आणि मला विचारलंही नाही.