हौद्याखालचा वास

अप्पांनी विड्याचं पान चघळलं, थुंकलं आणि म्हणाले, "डिझेल."

आमचा धंदा पानांचा. स्वामीमलैकडच्या पानमळ्यांतून पहाटे टोपल्या भरून आणायच्या आणि कुंभकोणमातल्या लग्नाच्या हॉलना, देवळांसमोरच्या दुकानांना पोचवायच्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, पान नुसतं हुंगून मळा सांगतात, म्हणून मी निमूट एक पान तोंडात टाकलं. आधी काहीच लागलं नाही. मग लागलं. मग वाटलं, ते म्हणाले म्हणून लागतंय. दुसरं खाल्लं तर काहीच कळेना. आईला तर पान फक्कड लागलं. अप्पांनी सगळा माल गल्लीतल्या गाईंपुढे टाकला आणि गाईंनी तो मजेत फस्त केला.

"गाईंना कळत नाही होय?" आई म्हणाली.

"गाई सिनेमाची पोस्टरंही खातात," अप्पा म्हणाले.

मग रोज तेच. आमच्या जुन्या पिकअपच्या हौद्यातून उतरलेल्या प्रत्येक टोपलीला त्यांना डिझेलचा वास यायचा. रोज माल फेकणं परवडेना, म्हणून तो तसाच पोचवत राहिलो. दुकानदारांची मात्र एकही तक्रार नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटायला लागली. एका दुपारी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि आमच्या घरच्या जुन्या मराठीत म्हणाली, "तुझ्या आज्यांसही असंच जालं होतं, गे."

आजोबांना शेवटी शेवटी घरभर जळका वास यायचा. विझलेली शेगडी पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे. त्यानंतर हळूहळू ते आम्हाला ओळखेनासे झाले. त्या दिवसापासून मी देवाजवळ एकच मागणं मागू लागले, की टाकी गळकी निघू दे. स्वतःची गाडी बिघडलेली असावी म्हणून हात जोडणारी या गावात मी एकटीच असेन.

पापनाशम रस्त्यावरचा मेकॅनिक गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि तमिळमध्ये म्हणाला, "कोरडं आहे."

"टाकी भरलेली असली की वास येतो," अप्पा म्हणाले. "आज गळ्यापर्यंत भरून आणली आहे."

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. आमच्या गाडीची टाकी हौद्याच्या बरोबर खाली, चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, दोन पट्ट्यांमध्ये बसवलेली. तिचा माथा कुठूनच दिसत नाही, आणि भरलेली टाकी खालून उतरवायला तो तयार नव्हता. म्हणजे वरचा हौदाच काढायचा. हौदा निघतो हेच मला माहीत नव्हतं. मी समजत होते, गाडी ही सगळी एकच वस्तू असते. त्याने दिव्यांच्या वायरी सोडवल्या, डिझेल ओतायच्या तोंडाची नळी काढली, गंजलेले बोल्ट कापले. क्रेन नव्हती. मग त्याने शेजारच्या देवळातून उत्सवाला पालखी वाहणारी माणसं बोलावली. त्यांनी हौद्याखाली बांबू घातले, एकाने हाक दिली आणि हौदा अलगद उठला.

आणि तिथेच घोळ झाला. मेकॅनिक म्हणे, मागे चला. पण खांद्यावर भार आला की त्या मंडळींचे पाय पुढेच पडायचे, आणि पुढे तर केबिन. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो खाली ठेवा, मी मधेच "सांभाळून, सांभाळून" करतेय. कोण कोणाला काय सांगतंय, काही कळत नव्हतं.

"ते राहू देत उभे," अप्पा शांतपणे म्हणाले. "गाडी पुढे ढकला."

ढकलली. हौदा खांद्यांवर राहिला, गाडी खालून निघाली. माझ्या मनात आलं, डोकं तर ठिकाणावर आहे यांचं. मागून उघडी पडलेली गाडी बघून मला मात्र उगाचच लाजल्यासारखं झालं.

टाकीच्या माथ्यावर ओल होती, तिच्यावर धूळ बसून काळं झालेलं. मेकॅनिकने तिथली रबरी नळी जराशी वाकवली, तर चिरेतून थेंब आला. त्याने बोट हुंगलं आणि अप्पांकडे बघितलं. "साहेब, तुमचं नाक म्हणजे नाक आहे."

मला रडूच आलं. आईला फोन करून सांगितलं, नळी चिरलेली आहे. "बरं झालं, बरं झालं," ती म्हणत राहिली.

नवी नळी बसली, गाडी मागे ढकलून हौद्याखाली घेतली, हौदा धुऊन काढला. खात्री करायला पानांची टोपली त्यात ठेवून पापनाशमपर्यंत चक्कर मारून आलो. परतल्यावर मेकॅनिकने स्वतःच टोपलीतलं एक पान काढून अप्पांपुढे धरलं. पालखीवालेही बघायला गोळा झाले. अप्पा बराच वेळ चघळत राहिले. मग हसले आणि मान डोलावली. सगळेच हसले.

तसंच हसत, मेकॅनिकच्या खांद्यावरचा हात न काढता, ते माझ्याशी आमच्या घरच्या मराठीत बोलले. तिथल्या कोणालाच ती कळत नव्हती.

"वास आहेच, गे. गेला म्हणून सांग यांस. आईसही तसंच सांग."

मी आधी मेकॅनिकला सांगितलं. मग आईला पुन्हा फोन लावला.