पार्वता बोलली तो रविवार

नत्थूजी भोयरांनी आयुष्यात बारा चित्रपट लिहिले. पुलगावात कुणी विचारलं, की यातला तुमचा लाडका कोणता, तर ते पहिल्याचं नाव घेत आणि लगेच पावसापाण्यावर घसरत. ‘आडवा धुरा’! एकाहत्तर सालचा, काळा-पांढरा. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. नवरा गेलेल्या पार्वतेच्या धुऱ्याचा दगड तिचा दीर आत सरकवतो आणि ती एकटी बाई भरल्या गावासमोर त्याला जाब विचारते, अशी ती गोष्ट. साधी, पण शेवटाला अंगावर काटा आणणारी. निदान वहीत तरी तशी होती!

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी धम्मदीप त्यांच्या दारात अक्षरशः नाचत आला. धम्मदीप वर्ध्याच्या कॉलेजात शिकवतो आणि महिन्यातल्या एका रविवारी पिपरी मेघेच्या मंगल कार्यालयात जुने चित्रपट दाखवतो.

“नत्थूजी काका, सापडला!”

“कोन सापडला? कोन पळालता?”

“तुमचा ‘आडवा धुरा’! पुण्यात एकाच्या गोदामात रिळांचे डबे निघाले. त्याच्यावरून केलेली कॉपी हाये ह्या लॅपटॉपात.”

त्र्याऐंशी वर्षांचे नत्थूजी खुर्चीतून उठले ते काठी न घेताच.

“पन एक लोचा हाये, काका,” धम्मदीप म्हणाला. “शेवटच्या वीस मिनिटाले आवाजच नाई. तोंडं हालून राह्यले, ऐकू काईच नाई येत. म्हनून म्हनतो, चित्र चालू असताना संवाद तुमी स्टेजवरून बोलजा. लिहिनाराच बोलून राह्यला म्हटल्यावर हॉल भरते का नाई पाहा!”

नत्थूजी पुन्हा खाली बसले. शेवटची वीस मिनिटं! नेमकी तीच! त्यांनी हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत धुरपता होती, त्यांची धाकटी बहीण.

धुरपता बाविसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आली आणि पुलगावच्या गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात लागली. नत्थूजी तिथेच टाइमकीपर. गिरणीतल्या गणपतीसाठी ते नाटकं लिहीत. एकदा पाव्हणा म्हणून आलेल्या एका दिग्दर्शकाला त्यातलं एक इतकं आवडलं, की त्यानं चित्रपटच लिहायला सांगितला. मग बहीण-भावाचा उद्योग सुरू झाला. संध्याकाळी धुरपता भाकरी थापायची, नत्थूजी शेजारी बसून पार्वतेचं एकेक वाक्य सांगायचे आणि ती थापता थापता ते म्हणायची. तिचा हात चालत राहिला, तर वाक्य पास. हात थांबला, तर वाक्य खोटं. खोडून टाका! असे चार महिने गेले. एके दिवशी शेवटच्या प्रसंगाशी येऊन नत्थूजी अडले, तेव्हा ती भाकरी परतता परतता स्वतःच बोलून गेली. त्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं. एक अक्षरही त्यांचं नव्हतं.

दिग्दर्शक म्हणाला, ही बोली मुंबई-पुण्यात कुणाला कळणार? त्याच्या माणसानं सगळे संवाद छापील मराठीत बदलले. नत्थूजी एकोणतीस वर्षांचे होते, पहिलाच चित्रपट होता. ते गप्प बसले. वही गेली ती परत आली नाही. पुलगावात तंबूत खेळ लागला, तेव्हा धुरपता नवं लुगडं नेसून गेली आणि मध्येच उठून घरी आली. त्यानंतर तिनं त्यांच्या एकाही चित्रपटाचं एकही वाक्य म्हणून पाहिलं नाही. उरलेले अकरा त्यांनी पुण्याच्या खोलीत एकट्यानं लिहिले. सगळे छापील मराठीत. चालले, नाव झालं, आणि पुढे मागणी आटली, तसे ते परत आले. आता दोघंच घरात. बोलणं भाजी-औषधापुरतं नव्हतं, चांगलं होतं. फक्त पार्वतेचं नाव निघत नसे.

“काका, वही हाये ना?”

“वही नाई,” नत्थूजी म्हणाले, “पन ज्या तोंडात ते संवाद हायेत, ते तोंड आत हाये.”

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला.

“त्या तोंडातली बोली तवा चालली नाई ना तुले?” धुरपता दारात येऊन उभी राहिली. “अन् आता मुकी झाली तुही बाई, त माही आठवन आली काय?”

धम्मदीपनं एकदम लॅपटॉपकडे पाहिलं.

“तुह्या हक्काचं होतं, मी देऊन टाकलं,” नत्थूजी म्हणाले. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. “मी घाबरलो, धुरपता. मले वाटलं, तो डायरेक्टर दुसरा कोनी लेखक पाह्यते.”

“आता सांगून राह्यला! म्हातारा झाल्यावर!”

धम्मदीपनं न विचारताच कळ दाबली. पडद्यावर पार्वता धुऱ्यावर उभी होती, पदर खोचलेला, समोर गाव आणि दीर. तिचे ओठ हलत होते, घरात मात्र चिडीचूप. धुरपता बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि मग, दाराला टेकून, हातातलं भांडं पदरानं पुसत, ती पुटपुटायला लागली. आधी नत्थूजींना वाटलं, ती शिव्या देते आहे. नाही हो! पार्वतेचे संवाद होते! एकामागून एक, न अडखळता! नत्थूजींनी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबलं, कारण त्यातून हुंदका येईल का आरोळी, त्यांचं त्यांनाच कळेना.

तालमी सुरू झाल्या. पुस्तकी वाक्यं लांबलचक, धुरपताची आखूड. नायिकेचे ओठ हलतच राहायचे आणि हिचं बोलून व्हायचं.

“लोक हसतीन आजी,” धम्मदीप म्हणायचा.

“हसू दे. नाई त तिले सांग, तोंड बंद कर म्हना!”

त्यावर तिनंच तोड काढली. ओठ उरले, की मध्ये श्वास घ्यायचा, शब्द ओढायचा नाही. आणि काय सांगावं, त्या थांबण्यानं पार्वता अशी काही भारी वाटू लागली! मात्र माइक हातात दिला, की धुरपता लाकडासारखी व्हायची. रिकाम्या हातानं तिला बोलताच येत नव्हतं. नत्थूजींनी ओळखलं. त्यांनी माइक उंच दांड्याला बांधायला लावला आणि तिच्या पुढ्यात कापसाची टोपली ठेवली. तिनं फुलवाती वळायला घेतल्या, आणि बोलणं नदीसारखं वाहू लागलं.

रविवारी सकाळी अकराला खेळ होता. मुहूर्त नसल्यानं मंगल कार्यालय मोकळं होतं. आधी खुर्च्या भरल्या, मग सतरंज्या, मग खिडक्या. जिथे नवरा-नवरी बसतात, तिथे हे दोघं ऐंशीच्या पुढचे बहीण-भाऊ बसले. पावणेदोन तास पडद्यावरची माणसं छापील मराठीत बोलत राहिली. लोकांनी जांभया आवरल्या. दोघातिघांनी मोबाइल काढले. नत्थूजी सारखे बहिणीकडे पाहत होते. ती पुन्हा उठून गेली तर?

आणि आवाज तुटला.

नत्थूजी दिराच्या आवाजात गरजले, “वहिनी, दगड हाये तिथं हाये. बाईच्या जातीनं घरात बसावं!”

धुरपतानं वात वळली. वर पाहिलंसुद्धा नाही.

“भाऊजी, धनी गेले तवा तुमीच माह्या बांगड्या फोडल्या. त्या काचा मीनं या धुऱ्यात गाडल्या.” श्वास. “दगड तुमी सरकवला. काचा कशा सरकवसान?” पडद्यावरचे ओठ अजून हलत होते, आणि मघाशी निघालेले मोबाइल खिशात गेले होते. “खोदा!”

“खोदा!” मागच्या सतरंजीवरून एक बाई ओरडली. “खोद रे भाड्या!” दुसरी. मग सगळं मंगल कार्यालय! पडद्यावरची कुदळ मातीत शिरली, काच चमकली, आणि लोक असे उभे राहिले, जसं काही निकाल आताच, त्यांच्यासमोर लागला.

समाप्तची पाटी आली तरी कुणी हलेना. टाळ्या, शिट्ट्या, डोळे पुसणं, सगळं एकदम. त्या गोंधळात एक तरुण पोरगी खुर्चीवर चढली.

“सर, पयल्यापासून लावा! आवाज बंद करून लावा! आजीच बोलतीन!”

“आवाज बंद! आवाज बंद!” हॉल एका सुरात म्हणायला लागला.

धम्मदीप धावत स्टेजपाशी आला. “काका, दोन तासांचा हाये. तालीम त फक्त वीस मिनिटांची झाली.”

नत्थूजींनी बहिणीकडे पाहिलं. “येते तुले सगळं?”

“मले येते,” धुरपता म्हणाली. “तुलेच तुह्या दिराचं आठवते का पाह्य. मधात चूप बसजो नोको.”

“या वेळी नाई बसत,” नत्थूजी म्हणाले, आणि माइक आणखी जवळ ओढला.

धम्मदीपनं आवाज बंद केला. लोक बसले. पडद्यावर पहाट झाली, विहिरीवर घागर घेऊन पार्वता आली आणि तिनं तोंड उघडलं.