रागनाची वाट आणि एलोफची धून

रागनाने आमच्या गावात एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. आता चौऱ्याहत्तरची आहे आणि दर मिडसमरच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सणाच्या आधी गावच्या जुन्या लाकडी धान्यकोठारात चित्र काढत बसते. मिडसमरच्या दुपारी तिथे चित्र लागतं आणि चित्रातल्या जागेची धून व्हायोलिनवर वाजते, ही आमची रीतच. तळ्याची धून आहे, टेकडीची आहे. कागदावर मात्र एकही नाही. ऐकूनच शिकायची, नाही शिकलात तर गेली.

या वर्षी तिने वरच्या कुरणाची वाट काढली. पोरगी असताना ती उन्हाळाभर गाई घेऊन तिथेच राहायची. त्या वाटेची धून तिच्या नवऱ्याने, एलोफने बांधलेली. एलोफ हिवाळ्यात गेला. आता ती धून येते फक्त त्याच्या व्हायोलिनवाल्या दोस्ताला, आल्वारला, आणि आल्वार एक्याऐंशीचा, हल्ली चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. रागनाला एवढंच हवं होतं, धून एकदा पूर्ण वाजावी आणि पोरांनी उचलावी.

मिडसमरच्या दुपारी कोठार गच्च भरलेलं. आल्वारने चित्राकडे बघत सुरू केलं आणि चार ओळींतच अडकला. परत सुरू, परत अडकला.

"नाही येत गं," तो म्हणाला. कसला चेहरा झाला होता त्याचा, मला बघवेना.

"येत कशी नाही? समोर अख्खी वाट काढून ठेवलीये!"

"उलटी काढलीस!"

"काय उलटी? डोळे तपासून घे, म्हाताऱ्या!"

"तू गाई घेऊन वर जायचीस, म्हणून वर चढणारी वाट काढलीस. एलोफ शनिवारी तुला भेटायला यायचा आणि रविवारी रडत खाली उतरायचा. धून खाली उतरतानाची आहे!"

सगळे हसले. रागना लालबुंद. "रडत? मला कधी बोलला नाही तो!"

"तुला कशाला सांगेल!"

मग आल्वारने चित्राच्या वरच्या टोकाला, झोपडीच्या दाराशी नजर लावली आणि तिथून उतरायला लागला. खरंच सांगते, धून यायला लागली! बर्चची झाडं, मोठा खडक, वळण, सगळं आलं. आणि ओढ्यावरच्या फळीच्या पुलाशी परत थांबला.

"इथे काहीतरी आहे," तो पुटपुटला. "तो इथे उभा राहायचा. मागून काहीतरी ऐकू यायचं त्याला."

रागना हातातला ब्रश तसाच धरून उभी. मग तिने डोळे मिटले आणि गाईंना घालायची ती उंच, लांब हाक घातली. मायरोस नावाची गाय होती तिची, तिला बोलवायची हाक. पन्नास वर्षांत घातली नसेल. आवाज मध्येच फाटला, पण कोठाराच्या तुळयांपर्यंत गेला.

आल्वारचा गज आपोआप हलला. तीच हाक, व्हायोलिनवर. आणि पूल ओलांडून धून सरळ गावात उतरली.

"बघ," आल्वार धापा टाकत म्हणाला, "मधलं तुझंच होतं गं."

रागनाने ब्रश खाली ठेवला आणि ती कोपऱ्यातल्या तीन व्हायोलिनवाल्या पोरींकडे वळली. "ऐकलंत ना? मग घ्या हातात. हाक मी शिकवते, नाहीतर शेळ्यांसारखी वाजवाल."

बाहेर सणाच्या जेवणाचे बटाटे आणि हेरिंग मासे वाट बघत होते. कुणीच उठलं नाही.