सुवर्णाला मी वेडी म्हटलं

हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. ते गेले तेव्हाही माहीत नव्हतं. मुलीला थोडं माहीत आहे, पण आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही — आणि आता बोलूही असं वाटत नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता, तर मला बोलवणाऱ्यांत असता.

कारण मला बोलावतात. गेली वीसेक वर्षं मी कोल्हापुरात आणि आजूबाजूच्या गावांत बायकांसमोर बोलते. मारहाण सहन करू नका, बोला, तक्रार करा, तुम्ही एकट्या नाही — हे मी शाळांत सांगितलंय, बचत गटांत सांगितलंय, साखर कारखान्याच्या आवारात ऊसतोडणीच्या बायकांसमोर सांगितलंय. पथनाट्यं लिहिली. भर उन्हात मोर्चात चालले. माझ्यामुळे काही बायका सुटल्याही. हे मी मुद्दाम सांगत नाहीये — नाही, मुद्दामच सांगतेय. बघा, सवय अशी जात नाही.

सुवर्णा आमच्या कॉलनीत तीन घरं सोडून राहायची. माहेर तिचं शिरोळ तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून ती मलाही अक्का म्हणायची. नवरा सुधीर — शिरोली एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप. गोड बोलणारा. गणपतीला मंडपाच्या कामात सगळ्यांत पुढं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेण्यात पुढं. तो बायकोला मारतो हे कॉलनीत कुणाला माहीत नव्हतं म्हणू? सगळ्यांना माहीत होतं. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्याकडं भिंतींनाच होते, माणसांना नव्हते.

संक्रांतीला मी हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं होतं. वाण लुटायच्या आधी मी दहा मिनिटं बोलले — मी तशी संधी सोडत नसे. मार खाणं हा संसाराचा भाग नाही, असं म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, कुणावर वेळ आली तर सरळ माझ्याकडं या, विचारू नका. सुवर्णा खिडकीपाशी बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मांडीवरच्या मुलीची वेणी उगाच सोडून पुन्हा घालत होती. मला तेव्हाच कळलं की तिनं ऐकलंय. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. आपलं बोलणं लागलं, असं वाटलं.

ती आली साधारण महिनाभरानं. रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. आणि त्याच दुपारी जयसिंगपूरहून पाहुणे माझ्या गौरीला बघायला आले होते. मोठं व्यापारी घर, मुलगा इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. मुलाचे आईवडील, एक काका, स्वतः मुलगा. पोहे झाले होते, चहा टाकला होता, आमचे हे पेढे आणायला चौकात गेले होते. गौरी आत साडी नीट करत होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि कुणीतरी ओरडायला लागलं — अक्का! अक्का!

मी व्हरांड्यात गेले. ती पायऱ्यांशी उभी होती, मुलीचं मनगट घट्ट धरून. मुलगी तेव्हा सात वर्षांची. सुवर्णाचे केस सुटलेले, आणि डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आलेली. ती फार मोठ्यानं बोलत होती. कॉलनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. का — ते मला त्या क्षणी कळलं होतं, म्हणूनच लिहितेय. सुधीरनं तिच्या कानशिलात मारली होती. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मी अशा बायका पाहिल्या होत्या, त्यांच्यावर भाषणात बोललेही होते. मी अडाणी नव्हते. मला सगळं कळत होतं.

"अक्का, मला आत घ्या की! तुमीच म्हणालता या म्हणून!"

मागं मुलाचे काका दारात येऊन उभे राहिले. "कोण हो?" त्यांनी विचारलं.

इथं मी थांबते. बारा वर्षं मी इथंच थांबत आलेय. मी काय काय म्हणू शकले असते? शेजारीण आहे, त्रासात आहे, जरा बसा. एवढं पुरलं असतं. तिला मागच्या दारानं स्वयंपाकघरात घेतलं असतं तरी पुरलं असतं. मी काहीच बोलले नसते, गप्प उभी राहिले असते — तेही चाललं असतं, खरंच चाललं असतं.

मी म्हणाले, "वेडी आहे हो, बिचारी. अधूनमधून येते अशी." आणि हसले. पाहुण्यांकडं बघून — हसले.

सुवर्णाला ते ऐकू गेलं का? माहीत नाही. पण तिनं माझं हसणं पाहिलं. मी हातानं जा, जा, अशी खूण केली, जनावराला करतात तशी. ती ओरडायची थांबली. मुलीनं वर बघून काहीतरी विचारलं, तिनं तिचं मनगट ओढलं. मग त्या दोघी गेल्या.

दहाएक मिनिटांत सुधीर मोटरसायकलवरून आला. फाटकापाशी उभा राहून हात जोडले. "काकू, ही इकडं आलती काय?" मी तोंड उघडायच्या आत व्हरांड्यातून काका म्हणाले, "ती वेडी बाई? आत्ताच गेली की."

सुधीरनं माझ्याकडं पाहिलं. एक क्षणभर त्याला उमगलं नाही. मग उमगलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. तो हळू आवाजात म्हणाला, "व्हय काकू. डोक्याचा त्रास हाय तिला. तुमच्यापासून काय लपवायचं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

पाहुणे गेल्यावर गौरी भांडी उचलता उचलता म्हणाली, "आई, सुवर्णाकाकी वेडी कुठं आहे?" मी म्हणाले, "तू गप्प बैस." ती गप्प बसली. आजपर्यंत.

सुवर्णा आमच्याकडून थेट पोलीस ठाण्यात गेली होती. तिच्यात तेवढं बळ होतं बघा — मी हाकलल्यावरही होतं. तिथं तिनं माझंच नाव सांगितलं. संध्याकाळी हवालदारांचा फोन आला. ते मला ओळखत होते, कार्यक्रमांना बंदोबस्ताला असायचे. म्हणाले, "मॅडम, बाई ओरडत्यात, विचारलं एक तर सांगत्यात दुसरंच. नवरा म्हणतोय डोक्याचा त्रास हाय. तुमी ओळखता न्हवं?"

विचारलं एक तर सांगते दुसरंच. अहो, तिला ऐकू येत नव्हतं! एका कानानं मुळीच नाही. एवढंच वाक्य — तिचा कान बघा, तिला दवाखान्यात न्या. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण दुपारी मी चार माणसांसमोर वेडी म्हटलं होतं आणि जयसिंगपूरकरांचा होकार तासाभरापूर्वीच आला होता. मी म्हणाले, "हो, जरा तसं आहे खरं. घरच्यांबरोबर पाठवून द्या."

त्यांनी पाठवून दिलं. तक्रार लिहिली गेली नाही.

पुढचं सगळं सोपं झालं, सुधीरसाठी. कॉलनीत महिन्याभरात सगळे तिला वेडी म्हणायला लागले. ती मोठ्यानं बोलायची, हाक मारली की वळायची नाही — आणखी काय पुरावा हवा? कुठल्याशा डॉक्टरकडं नेऊन गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी ती दिवसभर झोपू लागली, मग मुलीची आबाळ होते असं झालं. वर्षभरात तिला माहेरी पोचवलं आणि मुलगी ठेवून घेतली. पुढं सुधीर मुलीला घेऊन शहरात दुसरीकडं राहायला गेला.

तिचा भाऊ एकदा माझ्याकडं आला. शेती आणि चार म्हशी असलेला साधा माणूस. चपला फाटकाबाहेर काढून आला. मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज करायचा होता; वकिलानं सांगितलं होतं की शेजारच्या कुणी प्रतिष्ठित बाईनं दोन ओळी लिहून दिल्या, सुवर्णा शहाणी होती म्हणून, तर जोर येईल. "अक्का, तुमास्नी सगळं म्हायती हाय," तो म्हणाला. "ती म्हणत्या, अक्काकडं जा, त्या लिवून देत्यात."

ती असं म्हणाली होती. मी तिला हाकलल्यानंतर. आत काय झालं असेल मला, विचारू नका — काही झालं असेल तर ते बाहेर आलं नाही. मी त्याला चहा दिला आणि म्हणाले, बघते. तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा मी गावाला गेले होते, असं घरातून सांगितलं गेलं. मी आत होते.

गौरीचं लग्न झालं. जावई चांगला आहे. मोठ्यानंही बोलत नाही. तिचं सुख बघताना — जाऊ दे. एक मात्र सांगायलाच हवं. गौरीच्या बाळाच्या बारशाला आल्या होत्या तेव्हा विहीणबाईंनी सहज विचारलं, "त्या दिवशी एक बाई आली होती ना, रक्त आलेली? तिचं पुढं काय झालं हो? आम्ही घरी जाताना बोलत होतो, नवऱ्यानं मारलेलं दिसतंय म्हणून." त्यांनी ओळखलं होतं. माझं त्या दिवशी काहीही बिघडणार नव्हतं.

इथवर थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, जुनी गोष्ट आहे, माणूस घाबरतं. माझाही तोच विचार होता, इथवर लिहायचं. पण हे अर्धंच आहे.

गेल्या महिन्यात एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध पंधरवडा पाळतात, त्यातलं. माझी ओळख करून द्यायला एक मुलगी उभी राहिली. आडनाव ऐकलं आणि मी खुर्चीचा हात धरला. तेजल. सुवर्णाची तेजल. एकोणीस वर्षांची, धीट, स्वच्छ बोलणारी. भाषण मी दिलं. चांगलं झालं म्हणे.

नंतर ती मला गाठायला स्टाफरूममध्ये आली. वाकून नमस्कार केला; तो व्हरांडा तिला आठवत असल्याचं काही दिसलं नाही. म्हणाली, बाबा तुमचं नाव नेहमी काढतात, त्या वाईट दिवसांत तुम्ही आमच्या घराला आधार दिला म्हणतात. मग जरा घुटमळली.

"मॅडम, एक विचारू? मामाचा फोन आलता. आईला मला बघायचंय म्हणतोय, एकदा तरी ये म्हणतोय. बाबा नको म्हणतात. म्हणतात, तिचा भरवसा न्हाय. तुम्ही आईला पाहिलंय. जाऊ का मी?"

स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. बाहेर पोरींचा गलका चालला होता. ती माझ्यासमोर उभी होती आणि तिला जायचं होतं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं ते. माझ्याकडून फक्त एक 'हो' हवं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती, नुसतं 'जा बाळा' म्हटलं असतं तरी ती पुढच्या एसटीनं गेली असती.

आणि गेली असती तर तिथं आई भेटली असती. शहाणी. एका कानानं बहिरी. तिनं सगळं सांगितलं असतं. रविवारची दुपार, व्हरांडा, माझं हसणं.

या वेळी घरात पाहुणे नव्हते. कुणाचं लग्न ठरायचं नव्हतं. नवराही नव्हता. वाचवायला काही नव्हतं — फक्त मी होते. माझं नाव, माझे हार, पुढच्या आठवड्यातलं कुरुंदवाडचं व्याख्यान.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "बाबा म्हणतात ते ऐक. आत्ता अभ्यासाचे दिवस आहेत. अशा माणसांना भेटून आपल्यालाच त्रास होतो."

अशा माणसांना, म्हणाले मी.

तिनं मान डोलावली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, किंवा मला तसं दिसायला हवं होतं. माझा नंबर घेऊन गेली.

चार दिवसांनी तिचा मेसेज आला. मामाला येणार नाही म्हणून कळवलंय, असं लिहिलं होतं. खाली थँक यू, आणि जोडलेले दोन हात.