आबांच्या नावापुढं मी 'नाही' लिहिलं

"तू खाली बस गं. तुमा लोकायला सवय हाय."

अण्णा हे सगळ्यांसमोर बोलले. ओसरीवर पाहुण्यांसाठी चार खुर्च्या होत्या. एकीवर संशोधन अधिकारी मॅडम, दोनवर पुण्याहून आलेली दोन पोरं. चौथी रिकामी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. काढला. फरशीवर बसले. मॅडम फॉर्म चाळत राहिल्या.

ती दोन पोरं आणि मी, आम्ही तिघं एकाच कामावर होतो. सरकारी संशोधन संस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीतलं काम, मानधनासह, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. बीडच्या आमच्या कॉलेजातून माझी एकटीची निवड झालेली. विषय होता मेंढपाळ कुटुंबं आणि चराई. यादीत गेवराई तालुक्यातलं आमचंच गाव निघालं, तेव्हा मी खूश झाले. येडी होते.

अण्णा गावचे पुढारी. जीप त्यांच्या दारापर्यंत जाते म्हणून मुलाखती त्यांच्याच ओसरीवर ठरल्या. मेंढपाळ एकेक करून समोर उभे राहत. अण्णा शेजारी पलंगावर बसून ऐकत.

तिसरे आले आबा, माझे वडील. टोपी हातात. प्रश्न मीच विचारायचा होता.

गायरानात चराईला कुणी अडवतं का?

गायरान सगळ्या गावाचं, पण त्याला अण्णांनी तारेचं कुंपण घातलंय, हे पोरासोरांना माहीत. हिवाळ्यात आबा मेंढरं घेऊन आत गेले, तर अण्णांच्या गड्यांनी दगड मारले. एका मेंढीचा पाय मोडला. आबांनी तिला खांद्यावर घरी आणली. बांबूची कामटी लावून पाय मीच बांधला होता.

आबांनी अण्णांकडं पाहिलं. माझ्याकडं नाही.

"न्हाई. कुणी कावून अडवंल? अण्णा हायत की."

अण्णा हसले. मी लिहिलं, नाही. बापाची भीती माझ्याच हातानं सरकारी कागदावर उतरवली.

परतताना जीपमध्ये मी मॅडमना म्हटलं, अण्णांच्या समोर कुणी खरं बोलणार नाही, आपण माळावर जाऊन पुन्हा विचारू. त्या रागावल्यासुद्धा नाहीत.

"तुला इथली बोली कळावी म्हणून घेतलंय. अर्थ लावायचं काम आमचं."

पुण्याची पोरं खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच माळावर गेले. मेंढरांमागच्या बायका बोलल्या. सगळं बोलल्या. कुंपण, दगड, शिव्या. एकीनं पाठीवरचा वळ दाखवला. आबा मात्र तोंड फिरवून उभे.

"अण्णांच्या हिरीवर पाणी पितेत मेंढरं. लिवू नगं."

त्यांचं नाही लिहिलं. बाकीच्यांचं, नावं न घालता, लिहिलं. ते फॉर्म मॅडमसमोर ठेवले. त्यांनी ते न वाचताच बाजूला सारले. जुने पुढं केले. प्रत्येकाच्या तळाशी माहिती घेणाऱ्याची सही लागते.

महिनाभर मी त्यांच्यासमोर शुद्ध बोलत होते. अडखळत, तोलून. त्या दिवशी घरच्या भाषेत बोलले.

"ह्याच्यावर मी सही करणार न्हाई."

"मग प्रमाणपत्र विसर."

विसरले.

मी भरलेल्या जुन्या फॉर्मवर पुण्याच्या एका पोरानं सही केली. त्यानं आबांना एक शब्दही विचारला नव्हता. पुढं अहवाल आला. त्यात आमच्या गावाबद्दल एकच ओळ आहे, चराईबाबत तक्रार आढळली नाही. सहभागी विद्यार्थ्यांत माझं नाव नाही. बरं झालं.

आबा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी माळावर जाऊन विचारलं हे अण्णांच्या कानावर गेलं, त्यांनी विहिरीवर यायला मनाई केली. आता आबा मेंढरं कोसभर लांब ओढ्यावर नेतात. हे माझ्यामुळं झालं. मी ते नाकारत नाही.

पण मी थांबले नाही. गायरानाची मोजणी व्हावी म्हणून तहसीलमध्ये अर्ज दिला. कारकुनानं वर न बघता विचारलं, घरातलं कुणी मोठं माणूस नाही का? मी म्हटलं, अर्जदार मीच. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही.

मोजणीची तारीख अजून लागलेली नाही. दर सोमवारी जाऊन विचारते. ज्या दिवशी गायरानात मोजणीची साखळी पडेल, त्या दिवशी अण्णा माणसं घेऊन येतील. येऊ देत. मी कुंपणाच्या आत उभी असणार.