आमची गल्ली मोजणीत नव्हती

स्वातंत्र्य मिळून आठेक वर्षं झाली होती. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि मुलुंडला दादा-वहिनींकडे राहत होते. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून दादानंच मला वाढवलं. तो फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होता. घरात त्याची दोन मुलं, सहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. दुमजली चाळीतल्या दोन खोल्या होत्या. गल्लीत सगळी आमच्यासारखीच माणसं: कारकून, शाळामास्तर, पोस्टातले.

मला नोकरी मिळाली ती एका समाजकार्य करणाऱ्या संस्थेत. उपनगरांत लहान मुलांना गरिबीची झळ कुठे किती बसते ते पाहायचं, आणि त्यावरून दूधकेंद्रं कुठे काढावीत हे सरकारला सुचवायचं, असं काम होतं. माझ्या वरच्या एक डॉक्टरबाई होत्या. पन्नाशीच्या, एकट्या, बोलायला थोड्या तुटक. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "बाई, मुलांची गरिबी मोजायची म्हणजे वडिलांचा पगार विचारायचा ना?"

"पगार विचार हवं तर. पण तो पगार पोराच्या पानापर्यंत पोचतो का, ते कुठे कळतंय? पोर उचल आणि काट्याला लाव."

तो काटा म्हणजे हुकाचा ताणकाटा. तुळईला किंवा झाडाच्या फांदीला अडकवायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत मूल. मग उंची, मग दंडाचा घेर. वयाप्रमाणे वजन किती हवं, याचा तक्ता बाईंच्या पिशवीत असे. महिनाभरात मला तो पाठच झाला.

कुठल्या वस्त्या मोजायच्या ते संस्थेच्या साहेबांनी नकाशावर आधीच ठरवलं होतं. घाटकोपरची टेकडी, भांडुपच्या कारखान्यांमागच्या झोपड्या, दिंडोशीकडचे पाडे, माहुलचा कोळीवाडा. मुलुंडच्या आमच्या भागावर त्यांनी 'सुस्थित' असं लिहून ठेवलं होतं. तिथे जायचं कारणच नव्हतं. मला त्यात काही खटकलंही नाही, उलट जरा बरंच वाटलं.

माहुलला आम्ही गेलो तेव्हा खाडीपलीकडे तेलाच्या कारखान्यांचं बांधकाम चाललं होतं. एक कोळीण कमरेवर पोर घेऊन वाट अडवून उभी राहिली. "पोर काय म्हावरा हाय तोलाला?" तिनं विचारलं. मग बाईंनी स्वतःची जड पर्स झोळीत ठेवून काटा कसा हलतो ते दाखवलं, तेव्हा ती हसली आणि पोर दिलं. उघडंनागडं, नाक वाहतंय, केसांत वाळू. पण वजन तक्त्याच्या बरोबरीनं भरलं. त्याच्या मागची दोघंही तशीच निघाली. अख्खी वस्ती काही अशी नव्हती. ज्या घरचा बाप समुद्रात बुडून गेलेला, तिथली मुलं पार हडकलेली होती. पण मासळी घरात येत होती तोवर पोरांच्या तोंडात पडत होती, हे दिसत होतं.

त्या शनिवारी काम उरकायला उशीर झाला. सोमवारी भांडुपला जायचं होतं आणि ते मला घरून जवळ, म्हणून बाई म्हणाल्या, "काटा तूच घरी ने." मी तो पिशवीत घालून मुलुंडला आणला.

रविवारी सकाळी भाच्यानं पिशवी धुंडाळली आणि काटा बाहेर काढला. "आत्या, हे काय गं? मला बसव ना यात!" दादा पेपर वाचत होता. तोही हसून म्हणाला, "बसव गं एकदा, नाहीतर डोकं खाईल." मी माळ्याच्या तुळईला काटा अडकवला. भाचा झोळीत बसला, पाय हलवत राहिला. मी आकडा पाहिला. मला वाटलं, काटा अडकलाय. त्याला उतरवून पुन्हा बसवलं. काटा तिथेच थांबला. मग भाचीला बसवलं. ती परकर सावरून शहाण्यासारखी बसली, आणि तोंडपाठ असलेला श्लोक म्हणायला लागली. माहुलच्या त्या पोराहून ती वर्षानं मोठी होती आणि त्याच्याहून हलकी भरली.

आमच्या घराण्यात सगळेच बारीक, काटक, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ही मुलं माझ्या डोळ्यांसमोर रोज जेवत होती. स्वच्छ कपडे, तेल लावून पाडलेला भांग, संध्याकाळी परवचा. त्यांच्याकडे मी त्या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मुलं खाली खेळायला गेल्यावर तिनं मला आत बोलावलं.

"वन्सं, कमी भरलं ना?"

"थोडं कमी आहे, वहिनी."

"थोडं म्हणू नका. तुमचा चेहरा बघितला मी." ती चुलीपाशी खाली बसली. "दूध वर्षापूर्वीच कमी केलं. पोरं चहाच पितात, त्यात पोळी बुडवून. वरणात पाणी मी घालते. आला-गेला असला की त्याच्यापुढे तूप ठेवावं लागतं, मग पोरांना म्हणते, तुम्हांला काल दिलं होतं. हे कुणाला सांगायचं? चाळीत सगळ्याच जणी असंच करत असतील, पण कोण बोलतंय?"

दादा दारात येऊन उभा होता हे आम्हांला कळलं नाही. "काय चाललंय?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. सोमवारी बाईंनाही सांगणार आहे, असंही म्हणाले.

त्याचा चेहरा लाल झाला. "आम्ही काय भिकारी आहोत? माझी मुलं उपाशी निजत नाहीत. त्या झोपडपट्टीतल्या पोरांच्या रांगेत माझ्या मुलांना बसवणार तू? या घरात हा काटा पुन्हा दिसता कामा नये." तो सदरा घालून बाहेर निघून गेला, तो दुपारी जेवायलाच आला. माझ्याशी मात्र तो पुढे कित्येक दिवस बोलला नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "पांढरपेशांची मुलं कशाला मोजायची? त्यांना डॉक्टर परवडतो. आणि ठरलेल्या वस्त्यांत मधेच भर घातली तर आकड्यांना अर्थ काय राहिला?" त्यांचंही पूर्ण चूक नव्हतं. बाई परत आल्या आणि मला म्हणाल्या, "आपण आपल्या सुट्टीत जाऊ. चाळीत कोणी येऊ देईल?"

मी वहिनीला विचारलं. तिनं निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "घरात नको. ह्यांनी नको म्हटलंय. खाली विहिरीपाशी चिंचेला बांधा."

त्या रविवारी बाई आल्या. चिंचेच्या फांदीला काटा बांधला. पण कोणीच येईना. गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या, वरून नुसत्या बघत होत्या. मास्तरांच्या बायकोनं पोराला आत ओढून दार लावून घेतलं. मला वाटलं, आता पिशवी आवरावी. तेवढ्यात वहिनी जिना उतरून आली, कडेवर भाची. तिनं तिला स्वतःच्या हातानं झोळीत ठेवलं, काटा स्थिर होऊ दिला, आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "माझ्या मुलीचं वजन कमी आहे. माझ्या मुलाचंही कमी आहे. मी बघून घेतलं. तुम्हीही बघून घ्या."

वहिनी कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी मात्र ती जागची हलली नाही. आधी पोस्टातल्यांची सून उतरली, मग एकेक करत बऱ्याच आल्या. काही मुलं चांगली भरली. निम्म्याहून जास्त कमी भरली. मास्तरांच्या बायकोनं शेवटी दार उघडलं आणि पदराआड मूल धरून आली. बाईंनी कुणाचाही आकडा मोठ्यानं वाचला नाही. प्रत्येकीला बाजूला घेऊन नाचणी, शेंगदाणे, पालेभाजी, डाळ दाट ठेवायची, पोरांना आधी वाढायचं, असं सांगितलं. दादा त्या सगळ्या वेळात वर गॅलरीत पाठ करून उभा होता.

वहिनीनं दुसऱ्या दिवसापासून मुलांना आधी वाढायला सुरुवात केली. दादानं ते चालू दिलं.

होळीच्या सुमाराला गल्लीत गोवर आला. आमच्याकडे आधी भाच्याला झाला, तो त्यातून उठला. मग भाचीला झाला. पुरळ मावळला, पण खोकला छातीत उतरला. डॉक्टर येत होते, औषधं आणली, वहिनी तिला मांडीवर घेऊन बसून असे. ती गेली तेव्हा दुपार होती आणि खाली भाजीवाला ओरडत होता. दादानं खिडकी लावून घेतली.

डॉक्टरबाई भेटायला आल्या. इतके दिवस त्यांच्यासमोरही न आलेला दादा त्यांच्यापुढे बसला. "बाई, खरं सांगा. अंगानं नीट असती तर वाचली असती?"

बाई म्हणाल्या, "तसं ठामपणे नाही सांगता येत. गोवर धडधाकट मुलांनाही नेतो. पण अंगात थोडं साठवलेलं असलं की मूल जास्त दिवस झुंजतं. तिच्यापाशी ते नव्हतं."

दादानं मान हलवली. तो रडला नाही, निदान आमच्यासमोर नाही.

काही दिवसांनी तो मला म्हणाला, "तुझ्या साहेबांना भेटायचंय." मी त्याला घेऊन गेले. साहेबांनी त्याला बसवलं, चहा मागवला. दादा म्हणाला, "मी तक्रार करायला आलो नाही. तुम्ही आमच्या भागावर सुस्थित लिहिलंय. मीसुद्धा तेच लिहिलं असतं. पण तिथे एकदा येऊन बघा." साहेबांनी त्याला समजावलं, की या फेरीचं काम संपलंय, आकडे सगळ्या उपनगरांचे एकत्र गेलेत, आता त्यात काही घालता येत नाही. दादा ऐकत राहिला. निघताना म्हणाला, "मग पुढच्या फेरीत." साहेब उठून त्याला दारापर्यंत सोडायला आले.

पहिलं दूधकेंद्र भांडुपला निघालं. ते योग्यच झालं. तिथल्या पोरांची गरज आमच्याहून मोठी होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. आमच्या गल्लीला काही मिळालं नाही, आणि खरं म्हणजे कुणी मागितलंही नाही.

पुढची फेरी सहा-सात वर्षांनी निघाली, तिच्यात साहेबांनी मुलुंडच्या आणि घाटकोपरच्या काही चाळी घेतल्या. तोवर माझं लग्न होऊन मी अंधेरीला आले होते, नोकरी सुटली होती. बाईंनी माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. माहेरी गेले तेव्हा वहिनीनं सांगितलं, की रविवारी दादा बाईंबरोबर चाळींत जातो. लोक दार उघडत नाहीत, तेव्हा तो आपलं नाव सांगतो, कुठल्या कचेरीत आहे ते सांगतो, आणि मग गप्प उभा राहतो. बहुतेक जण उघडतात.

"मुलीबद्दल सांगतो का?" मी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "घरीसुद्धा तिचं नाव काढत नाहीत." तिनं ताटं मांडायला घेतली. भाचा तेव्हा आठवीत होता, हाडापेरानं मोठा झाला होता. त्याच्या पानात तिनं आधी भात वाढला.